जटापाठाने फुटलेले संकेतस्थळ

चंदीगडमधील एका सामुदायिक केंद्राच्या खोली क्रमांक चारमध्ये दर रविवारी सकाळी आठ ते नऊ या वेळेत संस्कृत सुभाषितांचा वर्ग भरतो, ही गोष्ट नगर प्रशासनाच्या सदन सुगमीकरण कक्षाला अकरा वर्षे ठाऊक नव्हती. आणि ठाऊक नव्हती म्हणूनच तो वर्ग अकरा वर्षे सुरळीत चालला होता.

वर्गाचे आचार्य दिगंबरपंत आठल्ये हे विद्यापीठाच्या सेवेतून निवृत्त झालेले संस्कृतचे अध्यापक. वय शहात्तर, वास्तव्य चंदीगडलगतच्या झिरकपूरमध्ये एका सहाव्या मजल्यावर. विद्यार्थी सात. येथील वैद्यकीय संस्थेत आणि विद्यापीठात नोकरीस आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांतली ही मुले श्लोक संस्कृतात म्हणत, अर्थ मराठीत ऐकत आणि शंका हिंदीत विचारीत. तीन भाषांचा असा शांततामय सहवास अन्यत्र दुर्मीळ असल्याने दिगंबरपंत त्यात ढवळाढवळ करीत नसत.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला आढळला. नागरिकांचा त्रास कमी करण्याच्या उदात्त हेतूने यापुढे सर्व खोल्यांचे वाटप 'सुगम सदन' या संकेतस्थळावरून होईल. जुन्या वापरकर्त्यांनी ऑक्टोबरअखेर नूतनीकरण करावे. न केल्यास खोली रिकामी समजून प्रतीक्षायादीतील पुढील संस्थेस देण्यात येईल. यादीत पहिला क्रमांक झुंबा वर्गाचा होता. झुंबा म्हणजे काय, याची दिगंबरपंतांनी चौकशी केली आणि उत्तर ऐकून त्या शास्त्राविषयीही आदरच व्यक्त केला. मात्र आपला वर्ग एखाद-दुसरा महिना जरी बंद पडला, तरी सातांपैकी चार मुले क्रिकेटला आणि तीन कोचिंगला जातील व पुन्हा परतणार नाहीत, हे त्यांना अनुभवाने पक्के ठाऊक होते. सुभाषितांचे वैर कोणाशीच नसते, त्यामुळे त्यांच्या बाजूने लढायलाही कोणी उभे राहत नाही.

त्याच दुपारी त्यांनी स्नानोत्तर शुचिर्भूत होऊन संकेतस्थळ उघडले.

अर्जात सतरा रकाने होते. पहिल्यात अर्जदाराचे नाव, दुसऱ्यात वडिलांचे अथवा पतीचे. दुसरा रकाना भरताच पहिला आपोआप रिकामा होई. मागे जाऊन पहिला भरावा, तर दुसरा रिकामा होई. ओळखपत्राच्या प्रतीविषयी 'फाइल साठ केबीपेक्षा कमी नसावी' अशी एक सूचना होती आणि तिच्याच खाली 'फाइल पन्नास केबीपेक्षा जास्त नसावी' अशी दुसरी. वीस मिनिटे विचारात घालवल्यास सत्र संपे. विचार न करता बटण दाबल्यास तांबड्या अक्षरांत लिहून येई: 'काहीतरी चुकले आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

बारा दिवस पुन्हा प्रयत्न केल्यावर दिगंबरपंतांचा आहार कमी झाला.

"चाळीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या," ते पानावर बसून म्हणाले, "पण 'काहीतरी चुकले आहे' असा शेरा मारून वही कधी परत केली नाही. काय चुकलं, ते लिहावं लागतं. त्यालाच तपासणं म्हणतात."

"बरं, पण भातानं काय चुकलंय?" त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी विचारले. "तो निवतोय."

त्यांची नात स्वराली मोहालीच्या एका कंपनीत संगणकावरचे खेळ तयार करण्याच्या कामाला होती. तिचा जन्म चंदीगडचा. मराठी ती समजून घेई, पण बोलताना तिच्या वाक्यांना वाटेतच हिंदीचे वळण लागे. तिने आजोबांसमोर आपला लॅपटॉप ठेवला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे होती आणि एक चौकोनी ठिपका लुकलुकत होता.

"आजोबा, हे खेळून बघा. आमचा नवा गेम. टर्मिनल शहाऐंशी. समजा तुम्ही हॅकर आहात, साल एकोणीसशे शहाऐंशी. एका पॉवर स्टेशनच्या कॉम्प्युटरमध्ये घुसायचंय. माउस नाही, काही नाही. फक्त टाइप करायचं."

"चित्रं कुठे आहेत?"

"नाहीत ना, यही तो बात है. लोक कंटाळलेत चित्रांना. आता सगळ्यांना हेच पाहिजे, नुसती अक्षरं. खूप चाललाय गेम, पक्का."

"म्हणजे सत्तर हजारांचं यंत्र घ्यायचं," सुलोचनाबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "आणि मग त्याला दरिद्री करून वापरायचं. आम्ही काळ्या पाटीवर लिहीत होतो, तेव्हा लोक आमची कीव करायचे."

दिगंबरपंतांनी घाबरत एक अक्षरसमूह टंकित केला. यंत्राने उत्तर दिले: 'प्रवेश नाकारला. कारण: संकेतशब्द सात अक्षरांचा आहे. तू सहा दिलीस.'

दिगंबरपंतांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"स्वराली," ते म्हणाले, "हे यंत्र कारण देतं."

त्या दिवसापासून रोज दुपारी दोन ते चार दिगंबरपंत त्या काल्पनिक वीजकेंद्रात प्रवेश करू लागले. त्या खेळाची मोहिनी त्यांना लवकरच उमगली. तेथे उत्तर कठीण होते, परंतु ते होते. शेकडो कुलुपे होती, पण प्रत्येक कुलूप घडवणाऱ्याने त्याची किल्लीही घडवलेली होती आणि ती प्रामाणिकपणे कुठेतरी ठेवलेली होती. अल्पाक्षरी आज्ञा, एकाही अनावश्यक शब्दाचा अभाव आणि चुकीला तत्काळ शासन: हे सर्व त्यांना बालपणीच्या पाठशाळेसारखे वाटले, एवढाच भेद की यंत्र छडी मारत नव्हते.

नवव्या पातळीवर एक कुलूप असे होते की जे स्वरालीच्या कार्यालयातही फार थोड्यांना उघडता आले होते. त्यात बारा शब्द होते आणि दुसरा शब्द दिला की यंत्र पहिला विसरत असे. दिगंबरपंतांना येथे क्षणभरही अडायला झाले नाही. वेद मुखोद्गत राखण्यासाठी पूर्वजांनी जटापाठ सांगितला आहे: पहिले पद, दुसरे पद, मग दुसरे, पहिले, मग पुन्हा पहिले, दुसरे. त्यानंतर दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे, दुसरे-तिसरे. अशी वेणी शेवटपर्यंत घालीत न्यायची. ती घालून होताच वीजकेंद्राचे द्वार उघडले.

आणि तेथेच दिगंबरपंतांच्या मनात एक विचार आला, जो प्रामाणिक नागरिकाच्या मनात सहसा येत नाही: शासकीय संकेतस्थळही कोणीतरी घडवलेलेच असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'सुगम सदन' उघडले आणि सतरा रकान्यांचा जटापाठ आरंभला. नाव, पित्याचे नाव. पित्याचे नाव, नाव. नाव, पित्याचे नाव. तिसऱ्या आवर्तनास संकेतस्थळ दमले आणि दोन्ही रकाने भरलेले राहिले. पाठात थांबायला जागाच नसल्याने सत्र संपण्याचा प्रश्न उद्भवला नाही. फाइलच्या दोन सूचनांत विरोध होता. परंतु दोन नियमांत विरोध आल्यास नंतरचा बलवान, ही गोष्ट व्याकरणाचा कोणताही विद्यार्थी जाणतो. त्यांनी पंचेचाळीस केबीची फाइल दिली. ती स्वीकारली गेली. पावणेतीन तासांनी पडद्यावर अक्षरे उमटली: 'आपला अर्ज स्वीकारला आहे. अर्ज क्रमांक १.'

दिगंबरपंतांनी देवापुढे साखर ठेवली. त्या एकाकी एक या आकड्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला नाही.

तो सदन सुगमीकरण कक्षाच्या ध्यानात आला. संकेतस्थळ सुरू झाल्यापासून चौदा हजार नागरिकांनी अर्ज करण्याचा प्रयत्न केला होता आणि एकही अर्ज पूर्ण झालेला नव्हता. या निर्विघ्न परंपरेत अकस्मात एक अर्ज पूर्ण झाल्याने कक्षात घबराट पसरली. तज्ज्ञांचे मत मागवण्यात आले. तज्ज्ञांनी सप्रमाण कळवले की सदर संकेतस्थळावर वैध मार्गाने अर्ज भरणे अशक्य आहे. अर्थात भरलेला अर्ज हा अवैध घुसखोरीचा पुरावा होय. दिगंबरपंतांना सात दिवसांत खुलासा करण्याची नोटीस निघाली आणि ज्या खोलीसाठी घुसखोरी झाली, ती खोली क्रमांक चार पुरावा म्हणून कुलूपबंद करण्यात आली.

सुनावणीला दिगंबरपंत स्वरालीसह उपस्थित राहिले. त्यांची हिंदी इतकी शुद्ध होती की ती चंदीगडमध्ये कोणाला कळत नसे. म्हणून स्वराली त्यांच्या हिंदीचे हिंदीत भाषांतर करीत होती. समोर चौकशी समितीचे तीन सदस्य होते. अध्यक्षस्थानी उपसंचालक हरकीरतसिंग बाजवा होते. ते मूळचे सज्जन गृहस्थ होते आणि बढती मिळूनही त्यांचा सज्जनपणा पुष्कळसा टिकून राहिला होता.

"शास्त्रीजी, सच-सच बताओ," बाजवा म्हणाले. "ये फॉर्म आपने भरा कैसे?"

"विधिपूर्वक," दिगंबरपंत म्हणाले.

"विधिपूर्वक हो ही नहीं सकता जी. हमारे स्टाफ से नहीं भरा गया. मेरे घरवालों से नहीं भरा गया. मैंने खुद तीन इतवार लगाए हैं."

"आपने क्रमानुसार भरा होगा. मैंने जटा की."

स्वरालीने जटेचे भाषांतर करण्याचा प्रयत्न केला. समितीच्या एका सदस्याने टिपणात 'अज्ञात सॉफ्टवेअर: जटा' अशी नोंद घेतली.

"घर में हैकिंग का कोई सामान?" दुसऱ्या सदस्याने विचारले.

"नहीं सर, बिलकुल नहीं," स्वराली घाईने म्हणाली.

परंतु दिगंबरपंतांनी आयुष्यात असत्य बोलण्याचा अभ्यास केलेला नव्हता आणि शहात्तराव्या वर्षी नवा विषय घेण्याची त्यांची इच्छा नव्हती. "है," ते म्हणाले. "गत एक मास से मैं प्रतिदिन अपराह्न में एक विद्युत्-केंद्र में प्रवेश कर रहा हूँ."

हे वाक्य मात्र समितीला भाषांतरावाचून कळले.

स्वरालीच्या पिशवीतला लॅपटॉप तेथेच ताब्यात घेण्यात आला. हा निव्वळ खेळ आहे, असे ती परोपरीने सांगत राहिली, तेव्हा तिच्या म्हणण्याची सत्यता पडताळण्यासाठी समितीने तो खेळून पाहावा, असे सर्वानुमते ठरले. पडताळणी सायंकाळी पाचपर्यंत चालली. तिसऱ्या पातळीवर समितीत मतभेद झाले आणि उरलेली पडताळणी दुसऱ्या दिवसावर ढकलण्यात आली. त्यानंतर पडताळणी रोज होऊ लागली. त्यामुळे कक्षाचे दैनंदिन काम बंद पडले, असा आरोप नंतर काहींनी केला. पण ते कधी चालू होते याचा पुरावा त्यांना देता आला नाही.

सहाव्या पातळीवर समितीने दिगंबरपंतांना पुन्हा समन्स काढले. त्यावर 'आरोपी' हा शब्द खोडून 'मार्गदर्शक' असे लिहिले होते.

"शास्त्रीजी, ये बताओ," बाजवांनी चहा मागवून विचारले. "ये मशीन भी ना कहती है. हमारी वेबसाइट भी ना कहती है. फिर इसकी ना में मजा क्यों आता है?"

"क्योंकि यह यंत्र बताता है कि त्रुटि क्या हुई."

बाजवांनी यावर पुष्कळ विचार केला. "नहीं जी," ते अखेरीस म्हणाले. "मेरे खयाल से अक्षर हरे हैं, इसलिए."

आणि कक्षाने सुधारणा हाती घेतली. 'सुगम सदन' काळे करण्यात आले व त्यावरील अक्षरे हिरवी करण्यात आली. सतरा रकान्यांना सतरा पातळ्या म्हणण्यात येऊ लागले. एक ठिपका लुकलुकू लागला. आतली व्यवस्था जशी होती तशीच ठेवली गेली, कारण ती कोणाला उघडता येत नव्हती. पूर्वी जेथे तांबड्या अक्षरांत 'काहीतरी चुकले आहे' असे येई, तेथे आता हिरव्या अक्षरांत 'प्रवेश नाकारला. पातळी ३. शाब्बास, पुन्हा ये' असे येऊ लागले.

पंधरा दिवसांत तक्रारींची संख्या शून्यावर आली.

शहराचे आरोग्यच जणू सुधारले. जे नागरिक पूर्वी कार्यालयाच्या नावाने कडाकडा बोटे मोडत, तेच आता एकमेकांना आपली पातळी सांगू लागले. झिरकपूरच्या वाहतूककोंडीत अडकलेले लोक गाडीच्या काचा खाली करून पलीकडच्या गाडीला 'पाचवीवर काय केलंत' असे विचारीत. डेराबस्सीच्या एका औषधांच्या कारखान्यात दोन पाळ्यांमध्ये स्पर्धा लागली. इतर खात्यांनीही हे अनुकरणीय उदाहरण स्वीकारले. जन्मदाखला नऊ पातळ्यांचा झाला, पाण्याची नवी जोडणी चौदा पातळ्यांची. मृत्यूच्या दाखल्यासाठी मात्र सहानुभूतीपूर्वक सहाच पातळ्या ठेवण्यात आल्या. एका समारंभात हरकीरतसिंग बाजवांना शाल देण्यात आली. त्यांनी आपल्या भाषणात प्राचीन ज्ञानपरंपरेचा गौरव केला आणि दिगंबरपंतांना पहिल्या रांगेत बसवले.

"साहेब," समारंभानंतर दिगंबरपंतांनी विचारले, "मेरे कक्ष का क्या हुआ?"

"वो फाइल तो बंद हो गई जी. आप बाइज्जत बरी हो. लैपटॉप भी वापस ले जाओ." बाजवांनी त्यांचा हात प्रेमाने हातात घेतला. "बस, एक छोटी-सी बात है. पुरानी वेबसाइट के साथ पुराना डेटा भी गया. आपको नया फॉर्म भरना पड़ेगा. पर आपको तो मजा आएगा."

दिगंबरपंत घरी आले आणि जटापाठास बसले. परंतु नव्या रचनेत दर तीन मिनिटांनी पडद्यावर 'शाब्बास' असे येई आणि ते दूर होईपर्यंत सर्व रकाने रिकामे होत. वेदपठणात कोणी मधूनच शाब्बास म्हणेल, याची तरतूद पूर्वजांनी केलेली नव्हती.

इकडे ऑक्टोबर उलटून गेला होता. वर्ग सहाव्या मजल्यावर, दिगंबरपंतांच्या दिवाणखान्यात भरू लागला होता. चंदीगडहून झिरकपूरला यायला रविवारी सकाळीही पाऊण तास लागे. सातांची पाच मुले झाली, मग चार. डॉक्टर आईबापांची ओजस्विनी शेवटपर्यंत येत होती. ती अकरा वर्षांची होती. एका रविवारी तिने निघताना दिगंबरपंतांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "सर, नेक्स्ट वीक से मैथ्स की क्लास है. पर वो जो लास्टवाला श्लोक था, उसका सेकंड हाफ आप व्हॉट्सॅप कर देना."

दिगंबरपंत त्या दिवशी दुपारी वीजकेंद्रात गेले नाहीत.

सोमवारी सकाळी सुलोचनाबाई भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडल्या आणि साडेबाराला परतल्या. त्यांनी पिशवीतून मुळे काढले, मेथी काढली आणि मग एक शिक्का मारलेला कागद काढून टेबलावर ठेवला. खोली क्रमांक चार, दर रविवारी, आठ ते नऊ, मुदत तीन वर्षे.

"हे कुठून आणलंस?"

"खिडकी नंबर दोन."

"तिथे काय करावं लागतं?"

"मागावं लागतं."

चौकशीअंती असे कळले की संकेतस्थळ पूर्णतः कार्यान्वित होईपर्यंत कागदी अर्जाची पद्धत चालू ठेवावी, असा मूळ आदेशातच उल्लेख होता. आणि संकेतस्थळ अजून पूर्णतः कार्यान्वित झालेले नव्हते. खिडकीवर बलबीर कौर नावाच्या बाई नेमलेल्या होत्या. सप्टेंबरपासून त्यांच्याकडे कोणीही न आल्याने त्यांनी कुटुंबातील सर्वांचे स्वेटर विणून संपवले होते. सुलोचनाबाईंना पाहून त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी अर्ज स्वतःच भरून दिला आणि वर शलगमच्या लोणच्याची कृती सांगितली. सर्व मिळून दहा मिनिटे लागली. त्यांतली सात लोणच्याला.

पुढच्या रविवारी खोली क्रमांक चार उघडली. फोन करकरून सातांपैकी सहा मुले गोळा झाली. ओजस्विनीने गणिताच्या वर्गाची वेळ बदलून घेतली होती. दिगंबरपंतांचे मन इतके भरून आले की आपल्याला मिळालेले सर्वांना मिळावे, या भावनेने त्यांनी वर्ग सुटल्यावर दारावर एक कागद लावला. त्यावर खिडकी क्रमांक दोनचा संपूर्ण पत्ता, वेळ आणि 'दहा मिनिटांत काम होते' हे वाक्य त्यांनी मराठी, हिंदी व इंग्रजीत सुवाच्य अक्षरात लिहिले होते.

दुसऱ्या रविवारी तो कागद फाडलेला आढळला. त्यांनी नवा लावला. तोही फाडला गेला. तिसऱ्या खेपेस त्यांनी चौकीदाराला विचारले की कार्यालयातले कोणी येऊन हे करते का.

"ऑफिसवाले नहीं जी," चौकीदार म्हणाला आणि त्याने बाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवले. हिरवळीवर पंचवीस-तीस माणसे फोन हातात धरून तल्लीन होऊन बसली होती. "वो."

त्यांच्यातला एक तरुण उठून आला. त्याचे नाव शिशिर. मूळचा साताऱ्याचा, एअरोसिटीत राहणारा, एका मोठ्या कंपनीत नोकरीला. तो अदबीने बोलला.

"सर, राग मानू नका. पण मी पंधराव्या पातळीवर आहे. दोन महिने लागले यार इथपर्यंत यायला. असं उत्तर दारावर लावायचं नसतं. बाकीच्यांची मजा जाते."

"तुम्हाला खोली कशासाठी हवी होती?" दिगंबरपंतांनी विचारले.

शिशिरला आठवायला थोडा वेळ लागला.

"आईच्या पंच्याहत्तरीसाठी."

"कधी आहे पंच्याहत्तरी?"

"झाली," शिशिर म्हणाला. "गेल्या महिन्यात." आणि फोनमध्ये ठिपका लुकलुकू लागल्याने तो नमस्कार करून लगबगीने आपल्या जागी गेला.

दिगंबरपंतांनी चौथा कागद लावला नाही. त्या खिडकीचा पत्ता या कथेतही दिलेला नाही. कोणाचा रसभंग होऊ नये, एवढाच त्यामागील हेतू. शिवाय ज्या वाचकाला तो खरोखर हवा होता, तो हा मजकूर शेवटपर्यंत वाचत बसलाच नसता. मध्येच उठून, चपला घालून, कुठेतरी जाऊन विचारून आला असता.